आधी फासे, मग संगणक



‘संगणकाने काढलेल्या अंदाजानुसार’ अशी सुरुवात असलेली बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. पाऊस किती पडेल, धरणातून पाणी केव्हा सोडावे, साथ किती पसरेल, नव्या पुलामुळे रहदारी किती सुरळीत होईल, अशा कितीतरी प्रश्नांची उत्तरे आज संगणकावर काढली जातात. ती ऐकून आपण मान डोलावतो. संगणक चुकत नाही, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. बेरीज-वजाबाकीत तो सहसा चुकत नाही, हे खरेच आहे. पण बेरीज कशाची करायची, हे त्याला कोणीतरी माणसाने सांगितलेले असते. हे मात्र आपण विसरतो.

ज्या रीतीने ही उत्तरे मिळवतात तिला सिम्युलेशन म्हणतात. माझे म्हणणे असे आहे, की शाळेतील प्रत्येक मुलाने आणि मुलीने ही रीत एकदा तरी स्वतःच्या हाताने, कागद, पेन्सिल आणि सापशिडीचा फासा घेऊन करून पाहिली पाहिजे. संगणकाची पाळी त्यानंतर. हे उलटे वाटेल, पण का ते पुढे वाचा आणि मग पटते का ते ठरवा.

भातुकली आणि प्रतिरूप

भातुकली तुम्ही खेळला असाल. त्या खेळातल्या चुलीत विस्तव नसतो आणि कपात चहा नसतो. तरी पाहुणे आले की आधी पाणी द्यायचे आणि मग चहा, हा क्रम मात्र अगदी खऱ्या घरातला असतो. म्हणजे खऱ्या संसारातले काही घेतले, काही सोडले आणि खेळ मांडला.

सिम्युलेशनही असेच असते. खऱ्या व्यवहारातल्या ज्या गोष्टी आपल्या प्रश्नाला लागतात तेवढ्या घ्यायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. घेतलेल्या गोष्टी आणि त्यांचे नियम यांच्या मांडणीला प्रतिरूप म्हणतात. हे प्रतिरूप वेळेबरोबर पुढे चालवून काय घडते ते पाहणे, म्हणजे सिम्युलेशन.

प्रतिरूप संगणकातच असायला हवे असेही नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ साली झाली. नद्या, बंदरे, धरणांचे सांडवे यांच्या लहान प्रतिकृती बांधून, त्यांतून खरोखरीचे पाणी सोडून, तेथे अभ्यास करतात. खरे धरण बांधून झाल्यावर चूक कळण्यापेक्षा प्रतिकृतीत ती आधी कळलेली कितीतरी स्वस्त पडते आणि तिच्यात कोणाचा जीवही जात नाही. पाण्याऐवजी आकडे वाहू लागले, की तेच काम संगणकावर होते.

आपण मात्र धरणापेक्षा सोपे काही घेऊ. पिठाची गिरणी घेऊ.

गिरणीतली रांग

एका गावात एकच गिरणी आहे. लोक लहान लहान डबे घेऊन येतात. प्रश्न असा, की लोकांना किती वेळ थांबावे लागते?

नियम ठरवू. पहिला नियम : एक गिऱ्हाईक आल्यावर दुसरे किती मिनिटांनी येते, ते फासा सांगेल. १ पडला तर एक मिनिटाने, ६ पडले तर सहा मिनिटांनी. दुसरा नियम : दळणाला लागणारा वेळही फाशानेच ठरेल. १ किंवा २ पडले तर २ मिनिटे, ३ किंवा ४ पडले तर ३ मिनिटे, ५ किंवा ६ पडले तर ४ मिनिटे. तिसरा नियम : जो आधी आला त्याचे दळण आधी. चौथा नियम : रांग पाहून कोणी परत जात नाही.

फासा टाकण्यापूर्वी जरा हिशेब करा. दोन गिऱ्हाइकांमधले अंतर सरासरी साडेतीन मिनिटे. दळणाला सरासरी तीन मिनिटे. म्हणजे पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत आधीचे दळण संपलेले असणार. परीक्षेत हा प्रश्न आला असता, तर आपण ‘रांग लागणार नाही’ असे लिहून मोकळे झालो असतो.

आता फासे टाकू. पहिले गिऱ्हाईक गिरणी उघडताक्षणी, म्हणजे शून्य मिनिटाला आले असे धरू. पुढची अंतरे फाशाने अशी दिली : ५, १, २, ६, ४, १, २, ६, ५. दहा दळणांचे वेळ असे आले : ३, ४, ४, २, ३, ४, ३, २, ३, २. यावरून तयार झालेली नोंद पाहा. सगळे आकडे मिनिटांचे आहेत.

पहिले गिऱ्हाईक : आले ०, दळण सुरू ०, संपले ३, थांबले ०
दुसरे : आले ५, सुरू ५, संपले ९, थांबले ०
तिसरे : आले ६, सुरू ९, संपले १३, थांबले ३
चौथे : आले ८, सुरू १३, संपले १५, थांबले ५
पाचवे : आले १४, सुरू १५, संपले १८, थांबले १
सहावे : आले १८, सुरू १८, संपले २२, थांबले ०
सातवे : आले १९, सुरू २२, संपले २५, थांबले ३
आठवे : आले २१, सुरू २५, संपले २७, थांबले ४
नववे : आले २७, सुरू २७, संपले ३०, थांबले ०
दहावे : आले ३२, सुरू ३२, संपले ३४, थांबले ०

काय दिसते? दहापैकी पाच जणांना थांबावे लागले. सगळ्यांचे मिळून १६ मिनिटे थांबणे झाले. गंमत अशी, की याच ३४ मिनिटांत गिरणी दोनदा मिळून ४ मिनिटे रिकामी होती! रांगही लागली आणि गिरणीही रिकामी राहिली. कारण गिऱ्हाइके सरासरीप्रमाणे येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी कोणीच येत नाही. रिकामा गेलेला वेळ साठवून ठेवता येत नाही आणि तुंबलेली रांग मात्र पुढच्याच्या वाट्याला येते. सरासरीने ही गोष्ट आपल्यापासून लपवली होती. फाशाने ती उघड केली.

आता खरी मजा पुढे आहे. गावात विजेचा दाब कमी झाला, गिरणी मंद चालू लागली आणि प्रत्येक दळणाला एकच मिनिट जास्त लागू लागले, असे समजा. फासे तेच ठेवा आणि नोंद पुन्हा करा. माझ्या हिशेबाने एकूण थांबणे १६ मिनिटांवरून ५० मिनिटांवर जाते. उलट गिरणीवाल्याने गिरणी दुरुस्त केली आणि प्रत्येक दळणाला एक मिनिट कमी लागले, तर ते ९ मिनिटांवर येते. बदल दोन्हीकडे एकेका मिनिटाचाच, पण एका बाजूला ७ मिनिटांचा फायदा आणि दुसऱ्या बाजूला ३४ मिनिटांचा तोटा! दोन्ही नोंदी स्वतः करून माझे आकडे तपासा. मी म्हणतो म्हणून मानू नका.

फासे तेच का ठेवायचे, हेही लक्षात घ्या. दरवेळी नवे फासे टाकले असते, तर पडलेला फरक गिरणीच्या वेगामुळे की नशिबामुळे, हे कळलेच नसते. प्रयोगशाळेत एकच गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवतात, तोच हा नियम.

सिम्युलेशनची अवयवे

वहीतले हे पान म्हणजे एक पूर्ण सिम्युलेशन आहे. त्याचे भाग वेगळे करून पाहू. मोठ्यातल्या मोठ्या संगणकावर चालणाऱ्या सिम्युलेशनमध्येही या जातीचे भाग तुम्हाला सापडतील.

ये-जा करणारी गिऱ्हाइके हे झाले घटक. ज्याच्यासाठी ते थांबतात ती गिरणी हे साधन. साधन मोकळे नसले की घटक जेथे जमतात ती रांग. कोणत्याही क्षणी ‘गिरणी चालू आहे, रांगेत दोघे आहेत’ असे जे वर्णन आपण करू शकतो, ती त्या क्षणाची स्थिती. स्थिती ज्यामुळे बदलते ती घटना. आपल्या खेळात घटना दोनच प्रकारच्या : गिऱ्हाईक येणे आणि दळण संपणे.

याशिवाय एक घड्याळ लागते. पण हे घड्याळ टिकटिक करीत नाही, ते उड्या मारते. शून्यावरून ते एकदम ३ वर गेले, कारण तेथे पहिले दळण संपले. तेथून ५ वर, मग ६, ८, ९ वर. मधल्या वेळात काहीच बदलत नसल्यामुळे तेथे थांबण्याचे कारण नाही. पुढे कोणकोणत्या घटना यायच्या आहेत त्यांची एक यादी ठेवायची, तिच्यातली सर्वांत जवळची घटना काढायची, घड्याळ तेथे न्यायचे, नियमाप्रमाणे स्थिती बदलायची आणि यादीत नव्या घटनांची भर घालायची. एवढेच पुन्हा पुन्हा करायचे.

येथे एक खाच आहे. १८ व्या मिनिटाला पाचवे दळण संपते आणि त्याच क्षणी सहावे गिऱ्हाईक येते. आधी काय धरायचे? तुम्ही न सांगताच ‘दळण संपले, मग गिऱ्हाईक आले’ असे धरलेत. संगणकाला मात्र हेही सांगावे लागते.

शेवटचे दोन भाग म्हणजे नशीब आणणारा फासा आणि काय घडले ते लिहून ठेवणारी नोंदवही. संगणकाजवळ फासा नसतो. तो एका ठरावीक सूत्राने एकापाठोपाठ असे आकडे काढतो, की ते फाशासारखे अनियमित दिसतात. त्यांना यादृच्छिक अंक म्हणतात. एक लहानसे सूत्र तुम्हीच करून पाहा : हातातल्या आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी तेवढी ठेवा. ७ पासून सुरुवात केली तर ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२ असे आकडे येत जातात. सोळा आकडे झाले की पुन्हा ७ येतो आणि तीच माळ सुरू होते. खऱ्या कामासाठी याहून कितीतरी लांब माळेची सूत्रे वापरतात. म्हणजे संगणकाचे नशीबही आपणच लिहून दिलेले असते!

या पद्धतीवर संगणकाची खास भाषाही तयार झाली. १९६० च्या दशकात नॉर्वेतील क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान डाल या दोघांनी ‘सिम्युला’ नावाची भाषा बनवली. गिऱ्हाईक, गिरणी यांसारख्या वस्तू त्यांच्या गुणांसह आणि वागण्याच्या नियमांसह प्रोग्रॅममध्ये मांडण्याची जी कल्पना आज सगळीकडे वापरतात, तिचा उगम या सिम्युलामध्ये आहे. रांगेचा हिशेब करता करता संगणकशास्त्राला ही देणगी मिळाली.

जेथे घटना नसतात तेथे

पण सगळेच व्यवहार गिरणीसारखे नसतात. कपातला चहा निवतो तेव्हा ‘आता घटना घडली’ असा क्षण येत नाही. धरणाचे पाणी, हवेचा दाब, रॉकेटचा वेग, या गोष्टी सतत बदलत असतात. येथे दुसरी पद्धत वापरतात. वेळेच्या लहान लहान पायऱ्या करायच्या आणि प्रत्येक पायरीवर थोडा बदल करायचा.

चहा ८० अंशांवर आहे, खोली ३० अंशांवर. दर मिनिटाला दोहोंतल्या फरकाचा दहावा भाग इतका चहा निवतो, असा नियम धरू. फरक ५० अंशांचा, म्हणून पहिल्या मिनिटात ५ अंश उतरून ७५. आता फरक ४५ चा, म्हणून पुढच्या मिनिटात साडेचार अंश उतरून ७०.५. असे दहा मिनिटे केले, की चहा सुमारे ४७ अंशांवर येतो.

कंटाळा आला म्हणून तुम्ही पंधरा मिनिटांची एकच पायरी घेतलीत असे समजा. मिनिटाला ५ अंश, तर पंधरा मिनिटांत ७५ अंश. ८० वजा ७५ म्हणजे ५ अंश! गरम चहा खोलीपेक्षाही गार होऊन बर्फाच्या जवळ पोहोचला. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, नियमही तोच. पायरी तेवढी मोठी. उत्तर मात्र हास्यास्पद. संगणकाने हेच उत्तर दहा दशांश स्थळांपर्यंत छापून दिले असते.

हवामानाचा अंदाज याच पायऱ्यांच्या रीतीने काढतात. ल्यूइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने संगणक नव्हते तेव्हा तो हाताने काढून पाहिला होता. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात काम करीत होता आणि सवडीत आकडेमोड करीत होता. त्याने १९१० सालच्या २० मे या दिवसाची निरीक्षणे घेऊन सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल ते काढले. उत्तर आले १४५ मिलिबारची वाढ. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता! आणि हे सपशेल चुकलेले उत्तर त्याने लपवले नाही. १९२२ साली पुस्तकात ते सगळ्या आकडेमोडीसह छापले. त्यामुळेच पुढच्यांना चूक शोधता आली. त्याची रीत मुळात बरोबर होती. सुरुवातीच्या निरीक्षणांत वारा आणि दाब यांचा मेळ नीट बसलेला नव्हता. ती विसंगती काढून तोच हिशेब केला तर उत्तर ठीक येते, असे पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञाने नंतर दाखवून दिले आहे. १९५० साली अमेरिकेत एनिॲक या संगणकावर पहिले यशस्वी अंदाज काढले गेले. तेव्हा चोवीस तासांचा अंदाज काढायला सुमारे चोवीस तासच लागत. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत त्यासाठी २०२४ सालापासून ‘अर्का’ नावाचा महासंगणक आहे. वेग अफाट वाढला, पण लहान पायरी, योग्य सुरुवात आणि खरे नियम यांची गरज तीच राहिली.

प्रतिरूपात न मावलेली गिरणी

आता आपल्या गिरणीकडे पुन्हा वळू. हे पान घेऊन तुम्ही खऱ्या गिरणीत जा आणि गिरणीवाल्या काकांना दाखवा. ते काय म्हणतील?

ते म्हणतील, “अरे, पण माणसं थांबतात कुठे? डबा रांगेत ठेवतात आणि घरी जातात!” म्हणजे थांबला तो डबा, माणूस नव्हे. आपण मोजलेली १६ मिनिटे डब्यांची होती. मग ते म्हणतील, “आणि आधी आला त्याचं आधी, असं कसं चालेल? गव्हावर गहू घेतो, मग ज्वारी-बाजरी. नाहीतर पिठात पीठ मिसळतं.” आपला तिसरा नियमच गेला! शिवाय रविवारी सकाळी गर्दी, दुपारी शुकशुकाट. आणि मध्येच वीज गेली तर सगळेच थांबले. आपल्या फाशाला रविवार माहीत नव्हता.

मग आपले सिम्युलेशन खोटे का? नाही. सरासरी रांग लपवते, हे त्याने खरेच शिकवले. पण ‘या गिरणीत लोक किती वेळ थांबतात’ या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नव्हते. ते कळण्यासाठी संगणकाची गरज नव्हती. गिरणी जाणणाऱ्या माणसाची होती.

याहून गंभीर उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी साथीचे एक गणिती प्रतिरूप मांडले. लोकसंख्येचे तीन भाग करायचे : ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि जे बरे झाले किंवा दगावले ते. एका भागातून दुसऱ्या भागात माणसे कोणत्या वेगाने जातात त्याचे नियम लिहायचे. हे प्रतिरूप त्यांनी मुंबईत १९०५-०६ च्या प्लेगमध्ये दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंशी ताडून पाहिले. आलेख सुरेख जुळला. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो आणि मुंबईत त्याचा जोर ऋतूप्रमाणे वाढत-कमी होत असे. प्रतिरूपात उंदीरही वेगळे नव्हते आणि ऋतूही नव्हता. आपली गृहीते तंतोतंत खरी नाहीत आणि हा हिशेब ढोबळच आहे, हे त्या दोघांनी त्याच लेखात स्पष्ट लिहिले होते. पुढे तो जुळलेला आलेख पुस्तकापुस्तकांतून छापला गेला, पण ही कबुली किती वाचकांपर्यंत पोहोचली असेल? आलेख जुळला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. याच तीन भागांच्या सांगाड्यावर उभी केलेली कितीतरी प्रतिरूपे २०२० साली कोविडच्या साथीत जगभर वापरली गेली. त्यांतून निघालेल्या आकड्यांवरून दुकाने आणि शाळा केव्हा बंद करायच्या, याचा विचार होत होता. म्हणजे प्रतिरूपात काय घेतले आणि काय सोडले, हा केवळ गणिताच्या तासाचा प्रश्न नाही.

“पण हाताने कशाला?”

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “दहा गिऱ्हाइकांवरून काय कळणार? संगणक क्षणात लाखो गिऱ्हाइकांचा हिशेब करील. तयार प्रोग्रॅमही मिळतात. मग फासे टाकत बसण्यात वेळ का घालवायचा?”

यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दहा गिऱ्हाइके पुरेशी नाहीत. तुमच्या मित्राने वेगळे फासे टाकले, तर त्याचे उत्तर १६ ऐवजी ५ येईल किंवा ३० येईल. खरे उत्तर हवे असेल तर हजारो वेळा खेळ खेळून उत्तरे किती पसरतात ते पाहावे लागते आणि ते काम संगणकाचेच आहे. मला संगणक नको असे नाही. तो दुसऱ्या दिवशी हवा आहे.

पहिल्या दिवशी हात का, त्याचे कारण असे. तयार प्रोग्रॅममध्ये ‘आधी आला त्याचे आधी’ हा नियम कोणीतरी आत लिहून ठेवलेला असतो. तो तुमच्या नजरेला पडत नाही आणि म्हणून खटकतही नाही. हाताने खेळताना तो नियम तुम्हाला स्वतः कागदावर लिहावा लागतो. लिहिताना मनात येते, ‘खरेच असे होते का?’ हा प्रश्न मनात येणे, हेच सिम्युलेशन शिकणे आहे. बाकीचे सगळे वेगाचे काम.

मोठ्या लोकांनीही अशीच सुरुवात केली आहे. १९०८ साली विल्यम गॉसेट या सांख्यिकीच्या अभ्यासकाने तीन हजार माणसांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचे आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, ते तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे साडेसातशे गट पाडून आपले सूत्र तपासले. १९४६ साली स्तानिस्लाव उलाम हा गणिती आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायला जमेना. तेव्हा त्याच्या मनात आले, की शंभर डाव मांडावेत आणि किती सुटतात ते मोजावे. ही कल्पना त्याने जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली. ती अणुगर्भातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांच्या प्रवासाच्या हिशेबाला लावली गेली आणि मोनॅको देशातल्या प्रसिद्ध जुगारघरावरून तिला ‘माँटे कार्लो पद्धत’ हे नाव पडले. आज अर्थशास्त्रापासून कर्करोगावरील किरणोपचारापर्यंत ती वापरतात. सुरुवात पत्त्यांच्या जोडापासूनच झाली.

चार प्रश्न

तेव्हा माझी मागणी साधी आहे. विज्ञानाच्या किंवा गणिताच्या तासांपैकी वर्षातून दोन तास फाशांच्या सिम्युलेशनला द्यावेत. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही आणि ज्या शाळेत एकही संगणक नाही तेथेही ते होऊ शकते. पहिल्या तासात खेळ मांडावा. दुसऱ्या तासाच्या आधी मुलांनी खऱ्या ठिकाणी जाऊन वेळा मोजाव्यात, तेथल्या माणसांशी बोलावे आणि मग प्रतिरूप दुरुस्त करावे. दुसरा भाग गाळला तर पहिला नुसता खेळ राहील.

आणि यातून चार प्रश्न कायमचे पाठ व्हावेत. एक : यात काय घेतले आहे आणि काय सोडले आहे? दोन : यातले आकडे मोजून आणले आहेत की अंदाजाने धरले आहेत? तीन : हे किती वेळा चालवून पाहिले आणि उत्तरे किती पसरली? चार : उत्तर प्रत्यक्षाशी ताडून पाहिले का, आणि एखादा नियम थोडा बदलला तर ते किती बदलते?

हे प्रश्न परीक्षेपुरते नाहीत. नदीकाठची पूररेषा आखताना आज संगणकावरच्या प्रतिरूपांचा आधार घेतात. तुमचे घर त्या रेषेच्या आत की बाहेर, हे त्यावर ठरू शकते. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, तेव्हा पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे तेथल्या घराघरांत माहीत आहे. भिंतीवरची ती खूण म्हणजे प्रतिरूप ताडून पाहण्याचे साधनच आहे. पण ‘तुमच्या हिशेबात ही खूण धरली आहे का?’ असे विचारणारा कोणीतरी गावात हवा. तो इंजिनिअर असायला हवा असे नाही. प्रतिरूप म्हणजे काय, हे एकदा फासे टाकून कळलेले असले, की पुरे.

येत्या रविवारी फासा आणि वही घ्या. गिरणी नको असेल तर शाळेचा पाण्याचा नळ घ्या, एस. टी. स्टँडवरची तिकीट खिडकी घ्या, रेशनचे दुकान घ्या. आधी नियम लिहा, मग खेळा, मग तेथे जाऊन अर्धा तास घड्याळ लावून मोजा. तुमचा आकडा आणि तेथला आकडा जुळणार नाही, हे मी आताच सांगून ठेवतो. तो का जुळला नाही याची कारणे वहीत लिहून काढा. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत ती यादी सर्वांत मोलाची असेल.